कुठल्या कोर्टाखाली

हिरामण मिस्त्रींनी मला पहिली हाक मारली ती माझ्या घोट्याच्या नावानं.

"ओ उजवा घोटा! जरा हिकडं या."

मी बॅडमिंटन हॉलच्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. सकाळचे सात वाजले असतील. बघितलं तर दाराजवळ, चपलांच्या रॅकला लागून, साठी उलटलेला एक माणूस भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. लेंगा, वर कारखान्याचा निळा शर्ट, शर्टाच्या खिशावरचं कंपनीचं नाव उसवून काढलेलं, आणि कानामागे सुताराची चपटी पेन्सिल. मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावताहेत. पण तिथे उजवा पाय लंगडत चालणारी मी एकटीच होते.

"आज कुटल्या कोर्टावर खेळला?"

"दोन नंबरच्या."

"आन् काल?"

"एक नंबर. का हो?"

"मंग घोटा आज जास्ती दुकतोय का काल जास्ती दुकत हुता?"

मी विचार करायला लागले आणि गोंधळले. काल दुखत होता, पण काल ऑफिसमध्ये आठ तास बसले होते. आज दुखत होता, पण आज मी जास्त खेळले होते. "सांगता येत नाही," असं म्हटलं तेव्हा त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, जणू रात्रभर ते माझ्याच उत्तराची वाट बघत होते.

"कुनालाच सांगता येईना," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले. "ओ डावा गुडगा!"

आमचा हॉल पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. बंद पडलेल्या कारखान्याची शेड भाड्यानं घेऊन राजाभाऊंनी तिथं तीन कोर्टं केली. राजाभाऊ त्याच भागातले, बोलायला मोकळे, आणि कधी कुणाला नाही न म्हणणारे. सकाळी आमच्यासारखे नोकरदार येतात. मी मूळची परभणीची. हिंजवडीत नोकरी, म्हणून इकडे फ्लॅट. संध्याकाळी लवळ्याच्या टेकडीवरून कॉलेजची मुलं रिक्षांतून येतात. जमिनीवर हिरवी रबरी मॅट, मॅटखाली लाकूड. लाकडाखाली काय आहे याचा विचार आमच्यापैकी कुणी कधी केला नव्हता.

कानामागच्या पेन्सिलीमुळे सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, पण ते कोण हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं ते हॉलचे वॉचमन असतील. हॉलच्या वॉचमनला वाटायचं ते कुणाचे तरी वडील असतील. आठवड्यातून दोन-तीनदा ते पहिल्या बसनं यायचे, चपला पार फाटकाबाहेर काढायचे आणि अनवाणी आत येऊन आपल्या जागेवर बसायचे. खेळ बघायचे नाहीत. तुम्ही कितीही सुंदर फटका मारा, त्यांची नजर पायांवरून हलायची नाही. एकदा एकानं मुद्दाम विचारलं, "मिस्त्री, कोण जिंकलं?" शटलला ते फूल म्हणत. म्हणाले, "फूल मी कुटं बगतो? ते कुटंबी पडंल. मानूस कसा पडतोय ते बगतोय."

नावं त्यांच्या लक्षात राहात नसत. मी उजवा घोटा, बँकेतले एक गृहस्थ डावा गुडघा, जाडसर देशपांडे म्हणजे कंबर. देशपांड्यांना याचा राग यायचा, कारण त्यांची कंबर दुखतच नव्हती. "दुकंल," मिस्त्री शांतपणे म्हणायचे.

मग एक दिवस ते पिशवीतून तीन फुलपात्रं घेऊन आले. नळावर जाऊन काठोकाठ भरली आणि तिन्ही कोर्टांच्या कडेला एकेक नेऊन ठेवली. आमचे डबल्सचे सामने चालू होते. मिस्त्री गुडघ्यावर रांगत एका फुलपात्रापासून दुसऱ्याकडे जात होते, गाल जमिनीला टेकवून पाण्याची थरथर बघत होते. स्वतःचे गुडघे टेकताना प्रत्येक वेळी "आई गं" म्हणत होते.

"तीन नंबरवर लई हालतंय," त्यांनी जाहीर केलं.

"तिथं देशपांडे खेळताहेत," कुणीतरी म्हणालं.

मिस्त्री विचारात पडले. मग त्यांनी देशपांड्यांना विनंती केली की त्यांनी एक नंबरवर जाऊन खेळावं. देशपांडे तणतणत गेले. आता एक नंबरचं पाणी हलायला लागलं. दोन नंबरवर पाठवलं, तर दोनचं. तेवढ्यात कुणाचा तरी पाय लागून फुलपात्र लवंडलं, मॅटवर पाणी झालं, दोघं घसरता घसरता वाचले आणि राजाभाऊ ऑफिसमधून धावत आले.

"मिस्त्री, काय लावलंय हे? उद्या कुणाचा पाय मोडला म्हणजे?"

हे ऐकून मिस्त्रींचा चेहरा असा उतरला की राजाभाऊच वरमले. "बरं बरं, बसा. पण पाणी नको," म्हणाले आणि निघून गेले.

मालक आणि हा माणूस एकमेकांना ओळखतात, हे मला तेव्हा कळलं.

खरी गोष्ट कळली ती एका रविवारी. मिस्त्रींची बस चुकली होती आणि ते फाटकाशी उन्हात उभे होते. मला काही काम नव्हतं. मी म्हटलं, सोडते. ते कोळवणच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहात. वाटेत पौड मागे पडलं. मग एका वळणावर अचानक म्हणाले, "ते तिन्ही कोर्ट मीच मारल्यात."

"म्हणजे?"

"जमीन. लाकडाची. समदी माज्या हाताची हाय."

मग त्यांनी मला ती जमीन समजावून सांगितली. इतक्या बारकाईनं, की मी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच चालवत राहिले. सगळ्यात खाली सिमेंटचा कोबा. कोब्यावर हाताच्या पंजाएवढे रबराचे तुकडे मांडायचे, एकेका हाताच्या अंतरावर. त्यावर लाकडाच्या रिपा, रिपांवर प्लाय, प्लायवर मॅट. माणूस उडी मारून खाली आला की मॅटमुळे पाय घसरत नाही, पण धक्का गिळतं ते रबर. रबर नसलं तर लाकूड आपलं नावाला. तो धक्का उलटा माणसाच्या टाचेत, टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून कंबरेत.

"एक दीस मारला तर कळत बी न्हाई. रोज मारला की कळतं. पन तवर उशीर हुतो."

"मग आपल्या हॉलमध्ये रबर नाही?"

"हाय ना. पन कमी पडलं." ते खिडकीबाहेर भातखाचरांकडे बघत होते. "उद्घाटनाला आठ दीस ऱ्हायलं हुतं. कार्डं वाटून झाली हुती. दोन कोर्टांपुरतंच रबर आलं, आन् कंपनीवाला म्हनला आता पंदरा दिसानं. मालक म्हनला, ऱ्हाऊ द्या मिस्त्री, तिसरं तसंच मारा, मॅटखाली कोन बगतंय. मी 'बरं' म्हनलो." त्यांनी कानामागची पेन्सिल काढून परत खोचली. "बरं म्हनलो, येवडं पक्कं ध्यानात हाय."

"मग तिसरं कोर्ट कुठलं?"

"त्येच तर आठवंना."

आणि हे खरं होतं. काम झालं तेव्हा हॉलचं दार रस्त्याच्या बाजूला होतं. पुढे पार्किंगसाठी राजाभाऊंनी ते उलट्या बाजूला काढलं, आणि एक नंबरचं कोर्ट तीन नंबरचं झालं. तेवढ्यानंही बिघडलं नसतं. पण मिस्त्रींना आता हेही आठवत नव्हतं की त्यांनी काम दारापासून सुरू केलं होतं की आतल्या भिंतीपासून.

मी विचारलं, "पण इतक्या दिवसांनी हे आत्ता का?"

त्यावर त्यांनी लवळ्याच्या कॉलेजच्या एका मुलीचं सांगितलं. ऋतुजा तिचं नाव, सांगलीकडची. संध्याकाळी खेळताना उडी मारून खाली आली आणि तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं. त्यांचा मुलगा संतोष तिथंच जवळच्या कारखान्यात कामाला. त्याला भेटायला मिस्त्री आले होते, आणि त्यांनी तिला कुबड्या घेऊन रिक्षातून उतरताना बघितलं. हॉलमधून ती आपली बॅग न्यायला आली होती. तेव्हापासून ते येऊन बसत होते.

"ती कुठल्या कोर्टावर पडली?" मी विचारलं.

"दोन म्हनत्यात. कोनी तीन म्हनत्यात."

त्यांच्या घरी सुभद्राबाईंनी, त्यांच्या बायकोनं, चहा केला. संतोषनं पुढच्या खोलीत चकचकीत फरशी बसवली होती, पण म्हातारा-म्हातारी दोघंही मागच्या सारवलेल्या पडवीत बसत. "फरशी गुडगं खाती," सुभद्राबाई म्हणाल्या. मिस्त्री हात धुवायला मागे गेले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, त्यांच्या बोलन्यावर लई जाऊ नका. आजकाल इसरत्यात. परवा पौडातनं येताना दुसऱ्याच वाडीत उतरलं. आन् हे कोर्टाचं खरं हाय का खोटं, मला बी ठावं न्हाई. कदी आदी बोललंच न्हाईत."

परतताना मला कळेना, मी काय ऐकलं. एका माणसाची कबुली, की विसरत चाललेल्या माणसाच्या मनात तयार झालेली गोष्ट?

आणि मग मी चूक केली. आमच्या सकाळच्या ग्रुपवर मी ते लिहून टाकलं. तिसऱ्या कोर्टाखाली रबर नाही म्हणतात, पण तिसरं कुठलं ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे गुडघे दुखायला लागले.

जे एक नंबरवर खेळायचे त्यांची खात्री होती की एकच खराब आहे. दोनवाल्यांची दोनबद्दल. बँकेतल्या गृहस्थांनी फिजिओथेरपिस्टकडून लिहून आणलं, त्यात "कठीण पृष्ठभाग टाळावा" असं होतं, पण कुठला ते नव्हतं. देशपांड्यांची कंबर खरोखरच धरली. जे लोक तीन-तीन वर्षं आनंदानं खेळत होते ते आता उडी मारण्याआधी जमिनीकडे बघत होते. मीही. माझा घोटा दोनवर जास्त दुखतोय असं सोमवारी वाटलं, मंगळवारी तीनवर, आणि बुधवारी मी खेळायलाच गेले नाही तरी दुखला.

राजाभाऊंना लोकांनी घेरलं. ते बिचारे घामाघूम. "अहो, मला प्लायखालचं काय कळतंय? रबर कमी पडलं होतं, हे थोडं थोडं आठवतंय. पण मी तसंच मारा म्हणालो? असेन म्हणालो. उद्घाटनाच्या गडबडीत माणूस काहीही म्हणतो. मिस्त्री, तुम्ही का ऐकलं माझं?"

मिस्त्री रॅकशेजारी बसले होते. "ऐकलं," एवढंच म्हणाले.

शेवटी ठरलं, उघडूनच बघायचं.

त्या शनिवारी हॉल बंद ठेवला. मिस्त्री आपली हत्यारं घेऊन आले: पटाशी, हातोडी, गुण्या, स्क्रू काढायचं मशीन. संतोष रजा काढून आला होता, मुख्यतः बापाला सांभाळायला. "आप्पा, तुमी बसा, मी काढतो," तो म्हणत होता, पण आप्पा ऐकेनात. एका कडेची मॅट गुंडाळली, प्लायचा एक तक्ता सोडवला. आम्ही दहा-बाराजण विहिरीत कुणी पडल्यासारखे वाकून बघत होतो.

एक नंबर. आत रबर होतं.

कुणीतरी टाळी वाजवली. एक नंबरवाले जरा खट्टू झाले असं मला वाटलं.

दोन नंबर. तिथंही रबर.

आता सगळे तीन नंबरकडे सरकले. मिस्त्री मात्र दोनवरच बसून राहिले होते. त्यांनी आत हात घातला होता आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत काहीतरी मोजत होते. मग उठून परत एक नंबरकडे गेले, तिथंही हात घालून मोजलं. संतोषनं तोवर तीनचा तक्ता काढला.

"आप्पा, हितं बी हाय!"

राजाभाऊंनी दोन्ही हात वर केले. "झालं! तिन्हीत रबर आहे. उगाच मला चोर ठरवलंत. मिस्त्रींचं वय झालंय, त्यांना काहीतरी भास..."

"गप ऱ्हावा मालक," मिस्त्री म्हणाले. त्या हॉलमध्ये मी त्यांचा चढा आवाज तेवढाच एकदा ऐकला. ते तीन नंबरला आले, आत हात घातला, मोजलं. मग काढलेला तक्ता उलटा केला. तक्त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं जुन्या पद्धतीनं लिहिलं होतं: १॥.

"दीड," ते म्हणाले. "एका हातावर रबर पायजे. मी दीड हातावर ठिवलंय. तिन्हीला." ते त्या आकड्यावरून बोट फिरवत होते. "दोन कोर्टांचं रबर तिन्हीत वाटून टाकलं."

"तुम्ही?" मी विचारलं.

"अक्षर माजं हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत अपराध नव्हता, सुटका नव्हती. नुसता गोंधळ होता, अनोळखी गावात बस थांबल्यावर माणसाच्या डोळ्यांत असतो तसा. "म्हंजी मी मालकाला बरं म्हनलो आन् ऐकलं न्हाई. असं केलं व्हय मी?"

"म्हणजे एकही कोर्ट खराब नाही," राजाभाऊ म्हणाले.

"म्हणजे तिन्ही खराब आहेत," देशपांडे म्हणाले.

दोघं वाद घालू लागले आणि दोघांचंही बरोबर होतं. मी मिस्त्रींजवळ बसले. त्यांनी तक्ता मांडीवर घेतला होता.

"ताई, इतकी वर्सं मनाला सांगत आलो, एक वाईट केलं पर दोन तर चांगली केली. आता दोन बी ग्येली."

"पण बिनरबराचंही एकही नाही ना," मी म्हणाले.

त्यांनी बोट परत त्या आकड्यावर नेलं. मग त्यांनी मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी ते मला समजलं नाही.

ऋतुजाला भेटायचं त्यांनी ठरवलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. ती शेवटच्या वर्षाला होती, चालायला लागली होती, खेळत नव्हती. आम्ही तिला लवळ्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटलो. ती आली, पाय थोडा आखडत, आणि समोर बसून चहाचा कप फिरवत राहिली. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. रबर, दीड हात, उद्घाटन, सगळं. शेवटी म्हणाले, "पोरी, चूक माजी हाय."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"काका, डॉक्टरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. बुटाचे तळवे झिजले होते. मांडीत ताकद कमी होती. आणि जमीन कडक असेल. यातलं नक्की कुठलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही."

"मंग माजं त्यातलं एक धर."

"तुम्ही म्हणता म्हणून धरू?" तिचा आवाज एकदम चढला. "मी वर्षभर स्वतःलाच बोल लावतेय. बूट का बदलले नाहीत, व्यायाम का केला नाही. आता तुम्ही येऊन सांगता, जमीन. मी काय करायचं त्याचं? काय हवंय तुम्हाला माझ्याकडून?"

शेजारच्या टेबलावरची मुलं बघायला लागली. मिस्त्री गडबडले. "कायबी न्हाई," ते म्हणाले. "सांगायचं हुतं."

ती रडायला लागली. मग हसली. मग म्हणाली, "मला राग येतोय की बरं वाटतंय, तेच कळत नाहीये." आणि उठून तिनं त्यांच्यासाठी आणखी एक चहा आणला. तो चहा कशाचा होता, हे मी अजूनही ठरवू शकलेले नाही. मिस्त्रींनी तो बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

राजाभाऊंनी रबर मागवलं. लोकांच्या दबावानं असेल, किंवा त्यांनाही झोप लागत नसेल. कॉलेजला सुट्ट्या लागल्यावर एकेक कोर्ट उघडून पुन्हा बांधायचं ठरलं, आणि मिस्त्री म्हणाले, मीच करणार. संतोष माझ्याकडे आला. "ताई, तुमीच सांगा त्यास्नी. गुडगं वाकत न्हाईत त्यांचं. वर ध्यानात बी ऱ्हात न्हाई." मी सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "उभं ऱ्हाऊन रबर लावता येत आसंल तर सांगा, तसं लावतो."

मी ऑफिसला जायच्या आधी रोज अर्धा तास तिथे थांबायला लागले. त्यांना मदतीची गरज नव्हती. त्यांचा हात अजून पक्का होता. स्क्रू साबणाच्या वडीवर घासून ते असा बसवत की लाकूड हूं की चूं करत नसे. पण सकाळी आल्या आल्या ते विचारत, "किती अंतर ठरलं?" आणि मी सांगे, "एक हात." मग ते भिंतीवर खडूनं "१ हात" असं लिहून घेत. दुसऱ्या दिवशी ते लिहिलेलं असे, तरी विचारत. तिसऱ्या कोर्टाच्या वेळी एकदा त्यांनी भिंतीकडे बघून मला विचारलं, "हे कोनी लिवलंय?"

"तुम्हीच."

"मंग बरुबर आसंल," ते म्हणाले आणि खाली वाकले.

संतोष मागून सगळं मोजायचा, बापाला दिसणार नाही असं. एकही तुकडा चुकलेला निघाला नाही. काम झालं त्या दिवशी मिस्त्रींना उठता येईना. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, तर म्हणाले, "सोडा, जरा टेकू द्या," आणि त्या उघड्या लाकडावर उताणे पडून राहिले. छताच्या पत्र्यातून ऊन येत होतं. मला वाटलं त्यांना झोप लागली. पण ते टाचेनं जमिनीवर हळूहळू ठोके देत होते, एक, दोन, एक, दोन, आणि ऐकत होते.

नव्या जमिनीबद्दल लोकांचं एकमत झालं नाही. बँकेतल्या गृहस्थांचा गुडघा आठवड्यात हलका झाला. देशपांडे म्हणाले, आता पाय जास्तच दुखतात, जुनीच बरी होती. माझा घोटा काही दिवस दुखत नाही, काही दिवस दुखतो. उडी मारून खाली आल्यावर जमीन जरा खाली जाऊन परत वर येते, हे मात्र आता जाणवतं. की पूर्वीही जात होती आणि मी लक्ष दिलं नव्हतं? सांगता येत नाही. मिस्त्री परत आले नाहीत. राजाभाऊंनी दोनदा निरोप पाठवला. संतोष म्हणाला, आता त्यांना एकटं सोडत नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या फार्महाऊसवर कोळवणला गेले होते. दुपारी परतताना फाट्यावरच्या एसटीच्या थांब्यावर ते सुभद्राबाईंबरोबर बसलेले दिसले. अंगावर स्वच्छ पांढरा सदरा. मी गाडी थांबवून जवळ गेले. सुभद्राबाईंनी मला ओळखलं, हसल्या. मिस्त्रींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"वैनी! लई दिसानं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी बायकोला सांगितलं, "अगं, यांच्या घराचं म्होरचं दार म्या केलंय. सागाचं. यांच्या सासऱ्यानं सवता लाकूड निवडून दिलं हुतं."

सुभद्राबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाचव्या मजल्यावर राहते. माझ्या घराचं दार बिल्डरनं बसवलेलं आहे आणि मला सासरे नाहीत.

"कसं हाय दार?" मिस्त्रींनी विचारलं. ते पुढे झुकले होते. "पावसात फुगतंय का?"

एसटी आली होती. धूळ उडाली. सुभद्राबाई पिशवी उचलून त्यांचा दंड धरू लागल्या, पण ते उठेनात, माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही मिस्त्री," मी म्हणाले. "अजिबात फुगत नाही. एका बोटानं ढकललं की उघडतं."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि उठून एसटीत चढले.